‘लावून दाखवतो की’ : व्हिडिओ गेमच्या जाहिरातींची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात सोलापुरात ‘व्हिडिओ गेम’ आला तेव्हा त्याची जाहिरात ना टीव्हीवर पाहिल्याचं आठवतं, ना पेपरात. नवी पेठेत दुकानाच्या तोंडाशी एक टीव्ही चालू असायचा, त्यात मारिओ उड्या मारायचा आणि दप्तरवाली पोरं वाट अडवून बघत उभी राहायची. किंमत ऐकून वडील मागे सरकले की दुकानदार म्हणायचा, “घेऊ नका ओ, लावून दाखवतो की.” सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, मौत का कुआँवाला तिकीट विकण्याआधी बाहेरच्या फळीवर मोटारसायकल घुमवतो, तसंच हे.

ती यंत्रं बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होती; कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत तेच दहा-वीस खेळ उलटसुलट. गंमत अशी की, खुद्द निन्टेंडोलाही अमेरिकेत असंच ‘लावून दाखवत’ शिरावं लागलं होतं.

त्यामागे अटारी या अमेरिकी गेम कंपनीची करणी होती. १९८२ च्या नाताळासाठी अटारीनं ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम दणक्यात जाहिरात करून आणला. पण तो बनवायला मिळाले होते जेमतेम पाच आठवडे. गिऱ्हाइकाला ते घरी गेल्यावर कळलंच. न खपलेल्या कॅसेटी १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या गेल्या, त्या २०१४ साली उकरून काढल्या. एकटा हा गेम काही बाजार बुडवायला पुरला नसता. टाकाऊ खेळांचा पूरच आला होता. पण ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की अमेरिकेतले दुकानदार हात जोडायला लागले.

म्हणून १९८५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना निन्टेंडोनं तो शब्दच टाळला. यंत्राचं नाव ठेवलं ‘एन्टरटेनमेंट सिस्टीम’, सोबत रॉब नावाचा एक छोटा रोबो दिला, म्हणजे डबा खेळण्यांच्या फळीवर बसेल. दुकानातली मांडणी कंपनीच्या माणसांनी स्वतः केली आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. मला विचाराल तर ही हमीच त्या वर्षीची सर्वांत मोठी जाहिरात होती, रोबो नव्हे.

पुढे सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीनं सरळ नाव घेऊन टोमणे मारले : निन्टेंडोला जमत नाही ते आमचं जेनेसिस हे यंत्र करतं. १९९० मध्ये टॉम कॅलिन्स्के अमेरिकेतल्या सेगाचे प्रमुख झाले. त्यांनी यंत्राची किंमत उतरवली आणि १९९१ मध्ये सॉनिक हा नवा गेम यंत्रासोबतच दिला. जाहिरातीत पळणारा निळा काटेरी हेजहॉग, म्हणजे सॉनिक, डबा उघडल्याबरोबर हातात येत होता. तेव्हा कुठे त्या आरडाओरड्याला वजन आलं आणि सेगा काही काळ अमेरिकेत निन्टेंडोच्या पुढे गेली.

तीच सेगा मे १९९५ मध्ये ‘ई-थ्री’ या गेमच्या प्रदर्शनात फसली. सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरला, तेही ठरल्या तारखेआधी, मोजक्या दुकानांत अचानक आणलं. वगळलेले दुकानदार चिडले. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, ‘२९९’ एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. प्लेस्टेशनची याहून छोटी जाहिरात झाली नसेल. सेगाचं शेवटचं यंत्र ड्रीमकास्ट. अमेरिकेत ९-९-९९ अशी लक्षात राहील ती तारीख धरून गाजावाजा झाला, सुरुवातीची विक्रीही तडाख्यात. पण लोक पीएस-टूसाठी, म्हणजे सोनीच्या दुसऱ्या प्लेस्टेशनसाठी, थांबून होते, त्यात डीव्हीडी सिनेमाही लागणार होता. २००१ मध्ये सेगानं यंत्रं बनवणं थांबवलं.

निन्टेंडोनं २००६ मध्ये ‘वी’ या यंत्राच्या जाहिरातीत पडद्यापेक्षा पडद्यासमोर हात हलवणारी माणसं जास्त दाखवली, त्यात आजीही होती. १० कोटींवर यंत्रं खपली. २०१२ मध्ये ‘वी यू’ आलं, तेव्हा हे नवं यंत्र आहे की जुन्याला जोडायची पडद्याची पाटी, हेच अनेकांना कळेना; सुमारे १ कोटी ३५ लाखांवर गाडी थांबली. दोन्ही जाहिराती एकाच घरच्या.

भारतात २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० आणलं आणि अक्षय कुमार व युवराजसिंग यांना चेहरा म्हणून घेतलं. किंमत होती २०,००० रुपयांच्या आसपास. चेहरे घरोघरी ओळखीचे, यंत्र मात्र कुणी जवळून पाहिलेलं नाही. सोनीनं पुढे पीएस-टूवर विटीदांडू, कबड्डी असे देशी खेळही काढले. पण आमच्या गल्लीत पीएस-टू पोचला तो एकाच्या पुण्याच्या मामांनी आणला म्हणून. भारनियमनाचं वेळापत्रक बघून रविवार ठरायचा. वीज आली की त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा, आणि त्याच्या आईला तो दर रविवारी पायानं सरकवूनच बाहेर पडावं लागायचं.