‘सेन्सर गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

मे महिन्यात फोंडा, म्हापसा, मडगाव कुठेही एसी बिघडला की हल्ली एकच निदान कानावर येतं: ‘सेन्सर गेला.’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच जागी ‘थर्मोस्टॅट गेला’ म्हणायचे. आणि ‘गॅस गेला’ हे तर तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणतात. हे तीन दोष वेगवेगळे आहेत, पण खोलीत घाम पुसत बसलेल्याला तिन्हींचा अनुभव सारखाच. त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळले आणि निदानाचा घोळ झाला. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद आकार बदलत होता, म्हणून हवा थंड आणि कोरडी करणारं यंत्र बसवलं गेलं. गोव्यात पावसाळ्यात वहीची पानं हाताला कशी लागतात हे ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्याआधी 1833 साली एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की सिल्व्हर सल्फाइड तापलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते. आजचा सेन्सर याच गुणावर चालतो, फक्त पदार्थ वेगळा. पण या दोन गोष्टी घरातल्या एसीत एकत्र यायला बराच काळ गेला.

मधल्या काळात राज्य होतं विंडो एसीचं. चिऱ्याच्या जाड भिंतीला एवढं मोठं भगदाड पाडायला कोणी धजत नसे. मग खिडकीचं एक दार काढून तिथे एसी बसायचा आणि उरलेली फट प्लायवुडने बुजवली जायची. त्याच्या नॉबवर आकडे असत, पण ते अंशांचे नव्हेत. नॉबच्या मागून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघे आणि तिचं टोक, म्हणजे बल्ब, हवा थंड करणाऱ्या कॉइलच्या पुढ्यात क्लिपने अडकवलेलं असे. नळीतला वायू तापून फुगला की आतला भाता फुगायचा आणि ‘टक’ आवाज होऊन कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. थंडावा आला की पुन्हा ‘टक’. कॉम्प्रेसरचा सगळा प्रवाह, 230 व्होल्टचा, याच डबीतून, म्हणजे थर्मोस्टॅटमधून, जायचा.

त्या काळातलं निदान कानाचं होतं. नॉब पुढेमागे फिरवायचा आणि टक ऐकू येते का ते बघायचं. येत नसेल तर वीज बंद करून थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकत्र जोडायच्या आणि पुन्हा चालू करायचं. कॉम्प्रेसर घुमला म्हणजे थर्मोस्टॅट मेला. किनाऱ्याकडच्या घरांत ती नळी वळणावर गंजून चिरायची. आतला वायू गेला की भाता कायमचा आक्रसायचा, जणू खोली बर्फासारखी थंड आहे, आणि कॉम्प्रेसर सुरूच व्हायचा नाही. गिऱ्हाइकाने ‘गॅस गेला’ म्हटलं तर एका अर्थी ते खरंच असायचं, फक्त गॅस भलत्याच नळीतला! बल्ब कॉइलच्या पात्यांना टेकला तर एसी दर चार मिनिटांनी बंद पडायचा. क्लिप निसटून बल्ब लांब लोंबायला लागला तर रात्रभर थांबायचाच नाही. डिचोली-साखळीकडे खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ फिल्टरवर बसून कॉइलवर बर्फ धरायचा, आणि त्याचंही खापर थर्मोस्टॅटवर फुटायचं. 2012 साली खाणी थांबल्या तशी ती धूळ कमी झाली.

थर्मोस्टॅट मोजायचाही आणि ठरवायचाही. स्प्लिट एसी आला आणि या दोन कामांची फारकत झाली. भिंतीला अडीच-तीन इंचांचं भोक पुरत असल्यामुळे जुन्या घरांनाही तो सोयीचा पडला. मोजायचं काम मण्याएवढ्या थर्मिस्टरकडे गेलं, ठरवायचं काम पीसीबीकडे, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे. हा मणी काहीही ठरवत नाही. तापला की त्याचा रोध कमी होतो, गार झाला की वाढतो, आणि 5 व्होल्टच्या सर्किटमधून बोर्ड तेवढं वाचतो. साध्या स्प्लिटच्या आतल्या युनिटमध्ये असे दोन मणी असतात: एक खोलीत येणाऱ्या हवेसाठी, दुसरा कॉइलच्या नळीवर. बोलीत मात्र दोघांनाही ‘सेन्सर’, आणि जुने लोक अजून दोघांनाही ‘थर्मोस्टॅट’. कोणता सेन्सर, हे विचारल्याशिवाय या वाक्याला काही अर्थ नसतो.

रूम सेन्सर खोली आहे त्याहून थंड सांगत असेल तर एसी लवकर थांबतो. गरम सांगत असेल तर थांबतच नाही. कॉइल सेन्सरने खोटी थंडी सांगितली तर बर्फ धरेल या भीतीने बोर्ड कॉम्प्रेसर बंद करतो. खोटी ऊब सांगितली तर खराच बर्फ धरतो आणि बोर्डाला पत्ता नसतो. हा शेवटचा प्रकार हमखास ‘गॅस कमी’ म्हणून खपवला जातो, कारण गॅस कमी असतानाही बर्फ धरतोच.

बोर्ड एरर कोड दाखवतो तो बहुधा वायर तुटली किंवा दोन तारा चिकटल्या तरच. मधल्या खोटेपणाला कोड नाही. बरेच सेन्सर 25 अंशांना 10 किलो-ओहम रोध दाखवतात. 5, 15 आणि 20चेही असतात. 10चा सेन्सर 30 अंशांना 8च्या आसपास उतरतो, बर्फाच्या पाण्यात 30च्या आसपास चढतो. पण कनेक्टरच्या पिनांवर कळंक चढला, जसा न वापरलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो, तर तिथेच एखादा किलो-ओहम वाढतो आणि बोर्डाला खोली दोनेक अंशांनी थंड वाटते. उलट सेन्सरच्या आवरणात ओल शिरली तर रोध घटतो आणि खोली गरम वाटते. आपल्याकडे मिठाची हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल या दोन्ही गोष्टी मुबलक. चतुर्थीला मूळ घरी जाऊन पंधरवड्याने फ्लॅट उघडला की एसी वेडंवाकडं वागतो, त्यामागे पुष्कळदा सेन्सर नसून ती पिनच असते. काढून, पुसून परत बसवली की काम झालं. त्याऐवजी काहीशे रुपयांचा सेन्सर नाही तर काही हजारांचा पीसीबी बदलला जातो, ही वेगळी तक्रार.

असा दोनेक अंशांचा खोटेपणा कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातही येत नव्हता. तो उघडा पडला एका सरकारी निर्णयाने, आणि त्या निर्णयावर तेव्हा बरीच आदळआपट झाली होती. स्टार लेबल असलेल्या एसीने सुरू होताना 24 अंशांवर सुरू व्हावं, असा नियम 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याची चर्चा 2018 सालीच सुरू झाली होती आणि ‘आता आमच्या बेडरूमचं तापमानही दिल्ली ठरवणार का’ असा सूर लागला होता. नियम फक्त सुरुवातीच्या आकड्याचा होता; रिमोट हातात होता, 18 करायला कोणी अडवलं नव्हतं. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, हा त्यामागचा हिशेब.

माझ्या मते या वादात एक गोष्ट सुटली. बहुतेक घरांत रिमोट 16 किंवा 18 वर असायचा. मेच्या दुपारी खोली तिथवर पोचतच नाही, मग कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि सेन्सर खरं बोलतो की खोटं, हे विचारायची वेळच येत नाही. 24 वर मात्र सेन्सरच्या शब्दाला किंमत येते. खोली 26 असताना त्याने 24 सांगितलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि माणूस उकडून उठतो. ‘नियमामुळे एसी थंड करत नाही’ अशा तक्रारींमागे निदान काही ठिकाणी कळंकलेली पिन होती असं मी ठामपणे म्हणेन. नियमाचे समर्थकही पूर्ण खरे नव्हते. जुलैत गोव्यात खोली मुळातच 26-27 असते, त्रास असतो तो दमटपणाचा. 24 वर कॉम्प्रेसर थोडाच वेळ चालतो, आणि तो थांबल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. तेव्हा तापमान बरोबर असूनही अंग चिकचिकतं आणि सेन्सरवर नाहक आळ येतो. तिथे ड्राय मोड लावायचा असतो. जून 2025 मध्ये एसीची मर्यादाच 20 ते 28 अंश करण्याचा विचार जाहीर झाला, तेव्हा जुनाच वाद पुन्हा रंगला.

दरम्यान कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर एसीने मण्यांची संख्या वाढवली. बाहेरच्या युनिटमध्ये हवेचा एक, कॉइलचा एक आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या तापलेल्या नळीवर एक. हा शेवटचा बऱ्याचदा 50 किलो-ओहमचा असतो, आणि थंडावा देणाऱ्या नव्या आर-32 गॅसमध्ये ती नळी जुन्या आर-22 पेक्षा जास्त तापत असल्याने त्याचं महत्त्वही वाढलं. तिथे 10चा सेन्सर लावला तर बोर्डाला नळी भलतीच तापलेली वाटते आणि तो कॉम्प्रेसर आवरता घेतो. मग पुन्हा कोणी तरी म्हणतं, गॅस बघा. एकच कोड एका कंपनीत रूम सेन्सरचा, दुसरीत कॉइलचा, त्यामुळे मेकॅनिकच्या फोनमध्ये कोडांच्या तक्त्यांचे फोटो साठत जातात. शहाणा मेकॅनिक तक्ता बघतो, पण आधी कनेक्टर सोडवतो, मणी मुठीत धरतो आणि रोध मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा न अडखळता उतरतो का ते पाहतो.