सौंदर्य-इंजेक्शने : पूर्वसल्ला आणि नंतरची काळजी

चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करणे, ओठ किंवा गाल भरणे, हनुवटी किंवा नाक रेखीव करणे यांसाठी त्वचेत, त्वचेखाली किंवा स्नायूत सुईने दिल्या जाणाऱ्या द्रव्यांना सौंदर्य-इंजेक्शने म्हणतात. त्यांत दोन प्रकार मुख्य आहेत. बोट्युलिनम टॉक्सिन प्रकार ए (‘बोटॉक्स’ हे त्यातल्या एका उत्पादनाचे व्यापारी नाव) मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर हे जेल असते आणि ते त्वचेखाली जागा भरून काढते. प्रत्यक्ष टोचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. निकाल चांगला लागणार की वाईट, हे बऱ्याच अंशी त्याआधीच्या तपासणीत आणि नंतरच्या दोन आठवड्यांत ठरते.

कॅनडातील व्हँकुव्हरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरदर्स या डॉक्टर दांपत्याने १९९२ मध्ये कपाळावरच्या आठ्यांसाठी या टॉक्सिनच्या वापराविषयी लेख प्रसिद्ध केला. जीन या नेत्रतज्ज्ञ. पापण्यांच्या आकडीवर हेच औषध देताना भुवयांमधल्या आठ्या नाहीशा होतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सौंदर्यविषयक वापराला २००२ मध्ये मान्यता दिली. हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरला तेथे २००३ मध्ये मान्यता मिळाली.

पूर्वसल्ला. पहिल्या भेटीत रुग्णाच्या हाती आरसा देऊन, नेमके काय खटकते ते त्याच्याच बोटाने दाखवायला सांगतात. तक्रार आणि उपाय यांचा मेळ अनेकदा बसत नाही. चेहरा स्थिर असतानाही दिसणारी खोल घडी टॉक्सिनने पुरती जात नाही, आणि गालाचे हाड झिजल्याने पडलेली सावली ओठाशेजारच्या रेषेत फिलर भरून हटत नाही. ‘या फोटोसारखे करा’ अशी मागणी, इतरांना दिसतही नसलेल्या दोषाचा सतत ध्यास, आधीच्या अनेक उपचारांबद्दल असमाधान ही लक्षणे दिसली तर सुई बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला सुचवावा. नकार देणे हाही पूर्वसल्ल्याचा भाग आहे, आणि तो देता येत नसेल त्या ठिकाणी उपचार घेऊ नयेत. पूर्वसल्ला आणि टोचणी वेगवेगळ्या दिवशी असलेली बरी.

औषधांची यादी सविस्तर घ्यावी लागते. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व यांनी काळे-निळे डाग वाढतात. तरी हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. डाग आठ-दहा दिवसांत जातो, हृदयाचा झटका तसा जात नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखे स्नायूंचे आजार, टोचायच्या जागी संसर्ग, घटकांची अ‍ॅलर्जी यांत टॉक्सिन देत नाहीत. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात दोन्ही टाळतात. ओठांवर वरचेवर नागीण (हर्पीसचे फोड) उठत असेल तर फिलरआधी विषाणूरोधक गोळ्या सुरू करतात. दातांचे काम आणि फिलर यांत साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. गांधीलमाशी किंवा मधमाशीच्या दंशाने तीव्र अ‍ॅलर्जी होते का, हेही विचारावे. फिलर विरघळवणाऱ्या हायलुरॉनिडेज या विकराची (एन्झाइमची) अ‍ॅलर्जी अशा व्यक्तींत होण्याचा धोका असतो.

कपाळावर टॉक्सिन देण्यापूर्वीची एक साधी तपासणी फार उपयोगी पडते. रुग्णाला डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगतात, डॉक्टर दोन बोटांनी भुवया हलकेच जागच्या जागी धरतात आणि मग डोळे उघडायला सांगतात. पापणी बुबुळावर उतरत असेल, तर ही व्यक्ती आजवर कपाळाच्या स्नायूने भुवया उचलून डोळे उघडे ठेवत आली आहे. तिचे कपाळ सैल केले तर आठ्या जातील, पण डोळे जड होतील. वयस्कर रुग्णांत हे वारंवार आढळते.

विश्रांत चेहरा, आठ्या घातलेला, भुवया उंचावलेला आणि हसणारा चेहरा असे फोटो एकाच प्रकाशात घेतात. चेहऱ्याच्या दोन बाजू मुळातच सारख्या नसतात. हे आधी दाखवले नाही तर नंतर दोष सुईच्या माथी येतो.

मात्रा. बोटॉक्सची १०० एककांची कुपी २.५ मि.लि. संरक्षकविरहित सलाइनने पातळ केली की ०.१ मि.लि.मध्ये ४ एकके येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी मिळून २० एकके, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी प्रत्येक बाजूला १२ एकके ही त्या उत्पादनाची प्रमाणित मात्रा आहे. निरनिराळ्या कंपन्यांची एकके एकमेकांशी जुळत नाहीत. डिस्पोर्ट या दुसऱ्या टॉक्सिन-उत्पादनाची भुवयांमधली मात्रा ५० एकके आहे. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. ती आपल्यासमोर उघडावी, नाव, बॅच क्रमांक आणि मुदत दाखवावी, असे रुग्णाने निःसंकोच सांगावे. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये बनावट किंवा नीट न हाताळलेल्या इंजेक्शनांमुळे ११ राज्यांतील २२ जणांना त्रास झाल्याची नोंद झाली.

टॉक्सिननंतर. चार तास आडवे होऊ नये, त्या दिवशी जागा चोळू नये, चोवीस तास जड व्यायाम, वाफ आणि मद्य टाळावे. यांतल्या बऱ्याच सूचनांमागचा पुरावा तोकडा आहे, पण त्या पाळायला काही खर्च नाही. आपल्याकडच्या सवयी मात्र छापील पत्रकांत सहसा नसतात : डोक्याची तेलमालिश, पार्लरमधले फेशियल आणि भुवयांचे थ्रेडिंग, शीर्षासन, कपाळावर घट्ट बसणारे हेल्मेट, भुवयांमध्ये दाबून लावलेली टिकली. टिकली आणि कुंकू टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवसापर्यंत नकोत. बाकीच्या गोष्टींना दोन-तीन दिवस थांबावे. हेल्मेट घालून दुचाकीवर परतायचे असेल तर त्याऐवजी रिक्षा करावी.

परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिने टिकतो. म्हणून चौथ्या दिवशी ‘काहीच झाले नाही’ म्हणून वाढीव मात्रा घेऊ नये. दुरुस्ती चौदाव्या दिवसानंतरच करावी. भुवईची बाहेरची कड जास्त उचलली गेली, तर तेथे एक-दोन एककांनी ती खाली येते. पापणी ओघळली, तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले असे समजावे. हे टाळण्यासाठी सुई डोळ्याच्या खोबणीच्या हाडापासून निदान एक सें.मी. वर ठेवतात. ओघळलेली पापणी काही आठवड्यांत आपोआप सावरते. अ‍ॅप्राक्लोनिडीन ०.५ टक्के या डोळ्यात घालायच्या थेंबांनी ती तात्पुरती एक-दोन मि.मी. उचलते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठावे.

फिलरनंतर. ओठांची सूज पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असते. बर्फ कपड्यात गुंडाळून, न दाबता लावावा. वेदनेला पॅरासिटामॉल घ्यावे. उशी उंच घेऊन पाठीवर झोपावे. सांगितल्याशिवाय मालिश करू नये. हळदीचा कार्यक्रम जवळ असेल तर उपचार पुढे ढकलावा, कारण ताज्या छिद्रांवर उटणे चोळणे हे संसर्गाला निमंत्रण आहे. लग्नाआधी निदान चार आठवडे हाती असावेत. सावळ्या त्वचेवर टोचल्याचे काळपट डाग रेंगाळू शकतात. सनस्क्रीन नियमित लावावे.

खरा धोका फिलर रक्तवाहिनीत जाण्याचा किंवा तिला अडवण्याचा आहे. त्वचा फिकट पडते, मग जांभळट जाळी दिसते, वेदना वाढत जाते. काही दिवसांत पांढऱ्या पुटकुळ्या आणि व्रण होतात. फिलरमध्ये मिसळलेल्या लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे सुरुवातीला वेदना झाकलीही जाते. साधा डाग वेदनेने वाढत नाही आणि हळूहळू पिवळा पडतो. शंका आल्यास जागा बोटाने पाच सेकंद दाबून सोडावी : रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही, तर तत्काळ डॉक्टरांना फोन करावा. सावळ्या त्वचेत फिकटपणा सहज कळत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावे आणि ओठांची आतली बाजूही तपासावी. फोटो पाठवून सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये. हायलुरॉनिडेज भरपूर मात्रेत, बाधित भागाच्या आकारमानानुसार ५०० एकके किंवा अधिक, रंग परतेपर्यंत दर तासाला देण्याची पद्धत रूढ आहे. ते दवाखान्यात तयार नसेल, तर तेथे फिलर घेऊ नये. नाक आणि भुवयांमधल्या भागातील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने तेथील चूक दृष्टी घालवू शकते. अचानक अंधारी आली तर एक मिनिटही न दवडता नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. कायमस्वरूपी फिलर हायलुरॉनिडेजने विरघळत नाहीत, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी माहीत हवे.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तींना सौंदर्यासाठी ही दोन्ही इंजेक्शने देण्यास कायद्याने मनाई आहे.

उत्पादन, बॅच क्रमांक, जागा आणि प्रत्येक जागेची मात्रा लिहिलेले कार्ड रुग्णाला द्यावे, आणि त्यावर रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर असावा. वर्षभराने गाठ आली आणि रुग्ण दुसऱ्या शहरात असला, तर तिथल्या डॉक्टरांना आत काय आहे ते त्या कार्डावरूनच कळते.