खारट वाऱ्यातला प्रोसेसर

गुहागरला आत्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हात घातला की बोटं ओली होतात. मिठाला पाणी सुटतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गेल्या मे महिन्यात तिच्या माजघरातल्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलं, तेव्हा तेच मीठ आत बसलेलं दिसलं. पंख्याच्या पात्यांवर चिकट करडा थर, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, मागच्या पत्र्यावर पांढुरके डाग. आत्या आमसुलं, आगळ आणि फणसपोळी विकते. बिलं आणि कुरिअरचे पत्ते याच मशीनवर निघतात. "एक बिल निघेपर्यंत चहा होतो रे," ती म्हणाली. "प्रोसेसर बदलून मिळतो म्हणतात, तो तेवढा बदलून दे."

बदलून मिळतो, आणि जुना मिळाला तरी चालतो. सेकंडहँड मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, घेताना मी दहादा विचार करीन, पण सेकंडहँड प्रोसेसर निर्धास्त घेईन. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा, वर निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं झाकण. हलणारा भाग एकही नाही, बाहेरच्या हवेला आत वाव नाही. नेमून दिलेल्या व्होल्टेजवर चालवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हातारा होतो तो त्याचा शेजार. बोर्डावरच्या कपॅसिटरमधला, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांमधला, द्रव हळूहळू उडून जातो, तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. पंख्याचं वंगण सुकतं. आणि आमच्याकडे या सगळ्यात मीठ येऊन मिळतं.

हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल तेवढ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते) सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि त्याला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता पुरते. म्हणजे बोर्डावर बसलेली खारट धूळ पावसाळाभर ओलीच. खारं पाणी वीज वाहून नेतं. बोर्डावरच्या शेजारशेजारच्या दोन तांब्याच्या रेषांमध्ये व्होल्टेजचा फरक असला की एकीकडचं तांबं विरघळून दुसरीकडे सरकायला लागतं. म्हणूनच पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली चार महिने झाकून ठेवलेला कॉम्प्युटर रोज वापरातल्या कॉम्प्युटरपेक्षा लवकर बिघडतो. चालू मशीन आतून गरम असतं, आणि गरम झालेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता कमी होते. पावसाळ्यात रोज तासभर तरी मशीन चालू ठेवा, हे मी कळकळीनं सांगतो.

आता आत्याचं बिल. कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १५ टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर. माहिती साठवणाऱ्या या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. टोक सरकायला लागणारा वेळ वेगळाच. आत्याच्या मशीनचा प्रोसेसर, इंटेलचा कोअर आय३-२१००, सेकंदाला ३१० कोटी ठोके घेतो. त्या अर्ध्या फेऱ्यात त्याचे सुमारे १ कोटी ३० लाख ठोके वाट बघण्यात जातात. अशा मशीनमध्ये आधी प्रोसेसर बदलला तर नवा प्रोसेसरही तसाच थांबून राहणार. म्हणून पहिल्यांदा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, लावला आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ४ जीबीची ८ केली. तिच्या एच६१ प्रकारच्या मदरबोर्डावरची साटा, म्हणजे डिस्क जोडायची, जोडणी जुनी, कमी वेगाची होती, तरी फरक पडला, कारण एसएसडीत तबकडी फिरण्याची वाटच बघावी लागत नाही.

बिल चटकन निघू लागलं. पण गिऱ्हाईकाशी व्हिडिओ कॉल चालू असताना कुरिअरची साइट उघडली की प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन अडकायचा. आता खरोखर त्याची पाळी होती.

कुठला बसवायचा हे ठरवतं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. तिचा बोर्ड एलजीए ११५५ प्रकारचा, म्हणजे सॉकेटमध्ये ११५५ बारीक स्प्रिंगसारख्या पिना. त्यात इंटेलची २०११ची दुसरी आणि २०१२ची तिसरी पिढी बसते, चौथी बसत नाही. मी आय५-३४७० निवडला. दोनाच्या जागी चार कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग), कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३ एमबीऐवजी ६, आणि उष्णता ६५ वॉटऐवजी ७७, म्हणजे जुन्या एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) झेपेल इतकी. ठोके सेकंदाला ३२० कोटी, म्हणजे तसे फारसे वाढले नाहीत. गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके त्याचा, आकडा बघून फसू नका. २००४ सालचा पेंटियम ४ तर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता, पण एका ठोक्यात तो फार कमी काम उरकायचा.

तिसऱ्या पिढीसाठी अशा जुन्या बोर्डांना बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा, अपडेट लागतो, आणि तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा. नवा आधी बसवला तर स्क्रीन काळीच राहते. अपडेटच्या मधेच लाइट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो, आणि आमच्याकडे वळवाच्या सरीबरोबर लाइट जाते. आभाळ मोकळं असलेली सकाळ पाहिली, यूपीएस लावला, तेव्हा कुठे हात घातला.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून मग प्लग काढला, म्हणजे दोघांमधली सुकलेली पेस्ट जरा सैल होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. प्रोसेसरच्या कडेच्या दोन खाचा जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. एक पिन वाकली तर सगळंच अडतं. सॉकेटची तरफ खाली करताना करकर आवाज येतो. पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण तो आवाज बरोबर असतो. मग वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंमध्ये बारीक खळगे असतात, त्यांत हवा अडकते आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. पेस्टनं फक्त ते खळगे भरायचे. जास्त थापली तर तीच आड येते.

आत्याला एक गोष्ट आधीच सांगितली होती. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरांच्या यादीत हा नाही. त्यामुळे तिच्या मशीनवर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. बिलाचा फॉर्म ब्राउझरमध्येच चालतो, तिचं काही अडलेलं नाही.

जुना आय३ अगदी ठणठणीत आहे. सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत बंद करून तो मी आत्याच्याच कपाटात ठेवलाय. वाडीतल्या शाळेत त्याच सॉकेटचं एक पेंटियमवालं मशीन आहे, दिवाळीच्या सुट्टीत ते उघडायचं ठरलंय.