आकाशवाणी पुणे केंद्र
आकाशवाणी पुणे केंद्र हे सार्वजनिक प्रसारणाच्या क्षेत्रातील महाराष्ट्रातील एक जुने नभोवाणी केंद्र असून त्याची स्थापना २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाली. २०२३ मध्ये केंद्राला सत्तर वर्षे पूर्ण झाली. वर्धापनदिन गांधीजयंतीच्याच दिवशी येत असल्याने केंद्राला तो स्वतंत्रपणे क्वचितच मिळतो. केंद्र शिवाजीनगरला असून त्याची मुख्य वाहिनी मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) ७९२ किलोहर्ट्झला ऐकू येते. विविध भारतीचे प्रसारण एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला होते.

भारतातील नियमित प्रसारणाची सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत झाली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या त्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. पण श्रोते मोजके आणि परवाना शुल्काचे उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे तीन वर्षांच्या आतच कंपनी गुंडाळावी लागली आणि १९३० मध्ये सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले. १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. मराठी कार्यक्रमांसाठी त्यानंतर बराच काळ मुंबई हाच मुख्य आधार होता, तर स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले. पुणे केंद्र निघाले तेव्हा मूळचे पुण्याचेच असलेले बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटसंगीताला रेडिओवर फारसा थारा देऊ नये, शास्त्रीय आणि सुगम संगीताला बळ द्यावे, असे त्यांचे धोरण होते. हिंदी गाण्यांसाठी श्रोते रेडिओ सिलोन या श्रीलंकेतील केंद्राकडे वळले, हा त्या धोरणाचा तोटा सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र आकाशवाणीला स्वतःची गाणी स्वतःच घडवावी लागली आणि मराठी भावगीताला त्यातून हक्काचे व्यासपीठ मिळाले, ही त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

‘गीतरामायण’ हे त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ होय. केंद्रातील सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकर यांनी गीते लिहिली व सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. त्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. आज ही गीते एकसंध ग्रंथासारखी वाटत असली, तरी ती आठवड्याच्या मुदतीवर तयार झाली होती: कवीकडून गीत हाती येणे, त्याला चाल लागणे, गायक-वादकांची तालीम आणि ध्वनिमुद्रण हे सारे ठरलेल्या शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या आत उरकावे लागे. हप्त्याहप्त्याने कथा पुढे नेण्याची ही रीत कीर्तन-प्रवचनाला सरावलेल्या श्रोत्यांना परकी नव्हती, आणि प्रसारणाच्या वेळी घरोघरी रेडिओसमोर बसण्याचा जणू नेमच झाला. १९५७ च्या विजयादशमीला गीतांचे पुस्तकही निघाले. पु. ल. देशपांडे हेही त्या काळात काही वर्षे या केंद्रात नोकरीला होते.

केंद्राच्या इतिहासातील दुसरा प्रयोग गीतरामायणाइतका लोकांच्या स्मरणात राहिलेला नाही. परंतु प्रसारणाच्या अभ्यासकांमध्ये पुण्याचे नाव त्याच्यामुळेच जगभर पोहोचले. १९५६ च्या पहिल्या काही महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांमधल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. गावातील पंधरा-वीस जण एका रेडिओभोवती जमून तो ऐकत आणि संपल्यावर त्यावर चर्चा करीत. चर्चेत निघालेल्या शंका व गावाने घेतलेले निर्णय मंडळाचा सूत्रधार लिहून केंद्राला कळवी आणि त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे पुढील प्रसारणात दिली जात. विहिरीचे पाणी निर्जंतुक करणे, खत, पिकांवरील कीड, गावची शाळा असे अगदी हाताशी असलेले विषय त्यांत असत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, ऐकून चर्चा केलेल्या गावांत माहितीत ठळक भर पडली होती. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर राबवण्यात आली. रेडिओ हे एकतर्फी माध्यम आहे असे जे म्हटले जाते ते यंत्रापुरतेच खरे आहे. पुण्याने त्याला उत्तराची वाट करून दिली होती, आणि ती वाट टपालातून जात होती. ग्रामीण कार्यक्रमांची भाषा पुस्तकी राहू नये यासाठी या विभागाने लेखकांनाच आपल्यात घेतले. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ केले.

त्या काळातला रेडिओ ही घरात मिरवण्याची वस्तू होती. संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढून दरवर्षी शुल्क भरावे लागे आणि संच लावला की आतल्या काचेच्या नळ्या (व्हॉल्व्ह) तापेपर्यंत थांबावे लागे. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, तेव्हा रेडिओ बांधावर, दुकानाच्या फळीवर आणि सायकलच्या दांडीवर गेला. श्रोत्यांची संख्या वाढली, पण एकत्र बसून ऐकणे मात्र कमी झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीने चित्रपटगीते आकाशवाणीवर परत आणली होतीच. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे तिच्यावर जाहिराती लागू लागल्या आणि प्रायोजित कार्यक्रमांचा मार्ग मोकळा झाला. मुख्य वाहिनीवर मात्र भक्तिगीते, नभोनाट्य, शेतकऱ्यांसाठीची माहिती, स्त्रिया आणि मुलांसाठीचे कार्यक्रम ठरल्या वेळीच होत राहिले. कित्येक घरांत डबा भरण्याची आणि मुलांना शाळेला पिटाळण्याची वेळ घड्याळाइतकीच निवेदकाच्या आवाजावर ठरत असे.

दूरदर्शनने संध्याकाळ घेतली तरी सकाळ रेडिओकडे उरली होती. खासगी एफएम केंद्रांनी २००० नंतर तीही वाटून घेतली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याचा पल्ला शहर आणि त्याच्या आसपासचा भाग एवढाच. मध्यम लहरी खरखरत का होईना, घाटापलीकडच्या गावांपर्यंत जातात. खासगी केंद्रांना स्वतंत्र बातम्या देण्याची परवानगी नसल्याने त्यांचा भर गाणी, गप्पा आणि शहरातल्या वाहतुकीवर राहिला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारख्या सामुदायिक केंद्रांनी शिक्षणासाठी आणि परिसरातील विषयांसाठी थोडी जागा राखली. १९९७ पासून आकाशवाणीचा कारभार प्रसार भारती या महामंडळाकडे आहे.

सकाळी सातनंतर पुण्याहून प्रसारित होणारे मराठी प्रादेशिक बातमीपत्र ही केंद्राची राज्यभरची ओळख आहे; महाराष्ट्रातील इतर केंद्रेही ते सहक्षेपित करत आली आहेत. जून २०२३ मध्ये, म्हणजे सत्तरी अवघ्या काही महिन्यांवर असताना, पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून हे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्यात त्याला तीव्र विरोध झाला आणि आदेश स्थगित करण्यात आला. मनुष्यबळाचा तुटवडा हे या वादामागचे दुखणे केवळ पुण्याचे नाही, कारण अनेक केंद्रांवर कायमस्वरूपी अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहून बराचसा भार नैमित्तिक निवेदक आणि वार्ताहरांवर पडलेला आहे.

प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या मोबाइल अ‍ॅपमुळे पुणे केंद्र आता परदेशातील मराठी श्रोत्यांनाही थेट ऐकता येते. पूर्वी ज्या कार्यक्रमाच्या लहरी घाट ओलांडताना क्षीण होत, तोच कार्यक्रम आज दुबई किंवा न्यू जर्सीत स्वच्छ ऐकू येतो. मात्र मोबाइल संचांतील रेडिओ एफएमपुरताच असतो, त्यात मध्यम लहरी लागत नाहीत. परिणामी मराठी नाट्य, शेती आणि भाषणांची मुख्य वाहिनी पुणेकराला आपल्या मोबाइलवर ऐकायची झाल्यास इंटरनेटचा आधार घ्यावा लागतो, तर प्रामुख्याने हिंदी चित्रपटगीतांची विविध भारती एफएम रेडिओ असलेल्या कोणत्याही संचावर डेटाशिवाय लागते.