चुंबकाशी जुनं वैर, अन् युरेनियमवाल्यांनी घातलेला घोळ

परवा काकांच्या कमरेच्या एमआरआयसाठी धंतोलीत दीड तास बसून होतो. दारावर पाटी, घड्याळ-चावी-बेल्ट बाहेर काढा, आत १.५ टेस्लाचा चुंबक (टेस्ला म्हणजे चुंबकी फील्डच्या जोराचं माप). काका म्हणे, "एवढा मोठा चुंबक, लाईटबिल किती येत असन बे?" आता त्यांना काय सांगू, त्या कॉइलमधे करंट एकदा सोडला की नुसता फिरून राहते, रेझिस्टन्सच नाही (यालाच सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतात), खर्च आहे तो तिला हेलियममधे थंड ठेवायचा. पण गंमत पहा, ज्या चुंबकासाठी ही तार गुंडाळतात तोच तिचा जुना वैरी.

१९११ मधे नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेसनं पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला (उणे २६९ डिग्री, मे महिन्यात नागपुरात बसून वाचलं तर लय बरं वाटते) आणि रेझिस्टन्स गायब. लगेच डोक्यात आलं की याच्या कॉइलनं दणकट चुंबक बनवू. शिसं घेऊन पाहिलं, तर फील्ड टेस्लाच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही तोच सुपरकंडक्टिव्हिटी गेली. झालं, स्वप्न तिथंच थांबलं.

पुढं १९३० च्या दशकात खारकिवला शुबनिकोवनं दाखवलं की काही मिश्रधातू फील्ड आत घेऊनही टिकतात, पण स्टालिनच्या धरपकडीत १९३७ ला त्या माणसाला गोळ्या घातल्या, अन् ते काम बरीच वर्षं मागंच पडलं. १९५७ ला अब्रिकोसोवनं हिशोब मांडला की फील्ड आत बारीक बारीक भोवऱ्यांसारखं शिरते, भोवऱ्याच्या पोटात सुपरकंडक्टिव्हिटी मेलेली, बाजूला शाबूत. १९६१ ला नायोबियम-टिनची तार ८.८ टेस्लातही टिकली, तवा कुठं ओनेसचं स्वप्न मार्गी लागलं. एमआरआयमधली नायोबियम-टायटॅनियमची तार याच खानदानातली.

पण भोवरे सांभाळले तरी एक भिंत उरतेच. इलेक्ट्रॉन इथं जोडीनं चालतात, नेहमीच्या धातूत जोडीतल्या दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनच्या आतला बारकासा चुंबकच समजा) उलट दिशेला, आणि बाहेरचं फील्ड म्हणते दोघंही एकाच दिशेला तोंड करा, मग जोडी तुटणारच ना. १९६२ ला क्लॉग्स्टन आणि बी. एस. चंद्रशेखर यांनी वेगवेगळं काम करून ही मर्यादा काढली (ताऱ्यांवाले नोबेल चंद्रशेखर वेगळे, लोकं नेहमी घोळ करतात): जितक्या केल्विनला सुपरकंडक्टर होते त्याच्या साधारण १.८४ पट टेस्ला, बस.

त्याच वर्षी जॅकारिनो आणि पीटर यांनी एक भन्नाट पळवाट सांगितली. मटेरियलच्या आत चुंबकी अणू असतील आणि त्यांचा इलेक्ट्रॉनवरचा जोर उलट्या दिशेचा असेल तर बाहेरचं फील्ड त्याला खोडून काढेल, म्हणजे चुंबक लावल्यावर सुपरकंडक्टिव्हिटी *येईल*. कागदावरची गोष्ट वाटायची, पण १९८४ ला युरोपियमच्या एका संयुगात दिसली, आणि २००१ ला लोखंड असलेल्या एका सेंद्रिय क्रिस्टलमधे, तिथं तर १७ टेस्लाच्या आसपास सुरूच होते.

खरा घोळ युरेनियमवाल्यांनी घातला. युरेनियम-रोडियम-जर्मेनियम हे स्वतःच चुंबक, तरी सुपरकंडक्टर. २००५ ला दिसलं की एका ठराविक दिशेनं फील्ड लावलं तर २ टेस्लाला सुपरकंडक्टिव्हिटी मरते आणि ८ ते १३ टेस्लामधे परत जिवंत होते. मग २०१९ ला युरेनियम डायटेल्युराइड. १.६ केल्विनवाला माल, म्हणजे चंद्रशेखरांच्या हिशोबानं ३ टेस्लात खेळ खलास व्हायला पाहिजे. तो एका दिशेनं ३५ टेस्लापर्यंत गेला, आणि फील्ड जरा तिरपं केलं तर ४० च्या वर पुन्हा उठला, थेट ६५ पर्यंत. बहुतेकांचं म्हणणं की इथं जोडीतल्या दोघांचे स्पिन एकाच दिशेला असावेत, मग फील्ड भांडण लावणार तरी कसं? पण ४० च्या वरचं दुसरं जीवदान नेमकं कशानं, यावर अजून वाद चालू आहे, आणि तपासायचं म्हणजे अमेरिकेतल्या लॉस अलामोससारख्या लॅबमधे फील्डचा पल्स, म्हणजे क्षणभराचा झटका, मारायचा, ६५ टेस्ला मिळतात पण काही मिलिसेकंदच.

काकांना यातलं काहीच सांगितलं नाही, त्यांचं लक्ष रिपोर्ट किती वाजता भेटन याच्यावर होतं.