तळ्याकाठची पड जमीन बारा वर्षे कसली की नावावर होते का?

बेळगाव, खानापूर भागात एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो: तळ्याकाठची पड जमीन बिनमालकीची असते आणि ती बारा वर्षे कसणाऱ्याच्या नावावर होते.

उन्हाळ्यात पाणी हटून भेगाळलेला काळा गाळ उघडा पडला की त्यावर कुणाचीच मालकी नसावी, असे वाटणे साहजिक आहे. मात्र कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 च्या कलम 67 नुसार, इतर कुणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर तळी सरकारची ठरतात. बारा वर्षांची मुदत खासगी जमिनीच्या दाव्यांना लागू आहे. सरकारच्या दाव्यांसाठी 1963 च्या मुदत कायद्यात ती 30 वर्षांची आहे, आणि तेवढा कब्जाही न्यायालयात सिद्ध करावा लागतो, तलाठ्याकडे नुसता अर्ज देऊन भागत नाही.

पडताळणी मोबाईलवरच करता येते. काठावर उभे राहून कर्नाटक सरकारच्या दिशांक या भूनकाशा ॲपमध्ये सर्व्हे नंबर पाहावा आणि त्याचा उतारा काढावा. तो कन्नडमध्ये असतो, तळे असल्यास ‘सरकारी केरे’ (सरकारी तळे) अशी नोंद दिसते. मोबाईल काही मीटर चुकू शकतो, म्हणून नेमक्या हद्दीसाठी सरकारी मोजणीच ग्राह्य धरावी.

काठ मोकळा राखण्यासाठी गावकरी न्यास स्थापतात, तोही सरकारी तळे विकत घेऊ शकत नाही. त्याचा खरा उपयोग लगतचे खासगी मालकीचे तुकडे घेण्यासाठी होतो, आणि तिथे भूसुधारणा कायद्याच्या अटी आधी पाहाव्या लागतात.