तळपायाचा काळा डाग आणि जांघेतली गाठ : आधी काय, मग काय

रिपोर्टात मेलानोमा (कातडीचा कॅन्सर) आला की पुढचा प्रश्न ठरलेला: गाठीची तपासणी कधी करायची? डाग रुंद कापायच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळीच, एकाच भुलीत. नंतर नाही.

डागाच्या जागेतून लस (टोचायची नव्हे, अंगातला पाण्यासारखा द्रव) ज्या ग्रंथीत, सहसा जांघेतल्या, सगळ्यात आधी उतरते, ती काढून तपासायची असते. ती सापडावी म्हणून डागाच्या जागेभोवती टेक्नेशियम (सौम्य किरणोत्सारी औषध) आणि निळा रंग टोचतात. भोवतालचं एक-दोन सेंटिमीटर कातडं काढून तिथे मांडीचं कातडं लावलं, की लसवाहिन्या तुटतात. मग रंग भलत्याच ग्रंथीत जातो, नाहीतर कुठेच जात नाही. व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचं पहिलं पान पाहून घाबरलेली मंडळी आधी ऑपरेशन उरकतात आणि गाठीचं नंतर विचारायला येतात. भीती समजते, पण नागपूरला कॅन्सरच्या सर्जनला दाखवून दोन्ही एकदम ठरवण्यात दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही.

रिपोर्टात 'ब्रेस्लो जाडी' शोधा, म्हणजे डाग कातडीत किती खोल गेलाय ते. ०.८ मिमीपेक्षा कमी आणि वर व्रण (फुटलेली कातडी) नाही, तर ग्रंथी सहसा काढत नाहीत. १ मिमीच्या वर बहुधा सुचवतात. मधल्यांनी, आणि पातळ पण व्रण असलेल्यांनी, सर्जनशी बोलून ठरवावं. म्हणूनच वावरातला काटा किंवा भोवरी समजून डाग वरवर खरवडू नका, जाळू तर नकाच. मग जाडी मोजायला काही उरत नाही. डाग लहान असेल तर पहिल्या तपासणीसाठी भोवतालच्या १ ते ३ मिमी कडेसह अख्खा काढून घ्या. तुकडा रुंद तोंडाच्या बाटलीत, त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणा. सलाईन नको, स्पिरिट नको. नाव झाकणावर नाही, बाटलीवर लिहा. भरलेली बाटली आमच्या लॅबमध्ये फुकट मिळते.

जांघेत गाठ आधीच हाताला लागत असेल तर आधी सुईची तपासणी. ती आमच्याकडेच होते. पायाच्या जखमेनेही अवधान (जांघेत गाठ) येतं, त्यामुळे नुसत्या गाठीने घाबरू नका.

काढलेल्या ग्रंथीच्या रिपोर्टला वेळ का लागतो, अशी तक्रार असते. मोजक्या पेशी कुठेही दडलेल्या असू शकतात, म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांवर काप घेऊन खास रंगाने तपासावे लागतात. ग्रंथी गोठवून लगेच दिलेला घाईचा फ्रोझन रिपोर्ट इथे भरवशाचा नाही, आम्ही देत नाही.

नागपूरला निघताना रिपोर्टासोबत ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइडही (काचेवरचे काप) न्या, तिथे मागतातच. आदल्या दिवशी फोन करा, काढून ठेवतो. नातेवाईक येणार असतील तर रुग्णाची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स लागेल.